ड्रमच्या रिंगवरचा गंज घासला की जातो, मग दर तुळशीच्या लग्नाला परत का येतो?

अनंत चतुर्दशीच्या रात्री ड्रम खोक्यात गेले की आमच्याकडे ते थेट तुळशीचं लग्न तोंडावर आल्यावर बाहेर निघतात. तीन वर्षं ओळीने एकच प्रकार झाला. ठेवताना आरशासारखी चकचकीत असलेली रिंग (पान, म्हणजे ड्रमचा वाजवायचा पडदा, ताणून धरणारं धातूचं कडं) दोन महिन्यांनी बाहेर काढली, तर गव्हावर तांबेरा पडावा तशी ठिपक्याठिपक्यांची. आणि ठिपके दरवर्षी त्याच जागी: आठही लगांच्या (ड्रमच्या अंगावरचे, बोल्ट ज्यात आवळतात ते धातूचे ठोकळे) डोक्यावर, जिथून बोल्ट रिंगमध्ये शिरतो तिथे, आणि रिंगच्या खालच्या कडेला.

तुमचंही असंच होत असेल तर घासण्याची पद्धत बदलत बसू नका. माझी पद्धत पहिल्याच वर्षी बरी होती. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच, आणि ते कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

ड्रम कुठला ते सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. अमळनेरला आमचं बँड पथक होतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त बँडवाल्याकडून प्रीमिअरचा जुना साइड ड्रम घेतला होता. प्रीमिअर ही १९२२ साली लंडनला सुरू झालेली कंपनी. बाकीचे ड्रम मेरठच्या जली कोठीतून आलेले, जिथून आपल्याकडच्या कितीतरी बँडांची वाद्यं येतात. मेरठच्या ड्रमचा एखादा बोल्ट गेला तर नवा करून घेता येतो. प्रीमिअरचं तसं नाही. त्याच्या जुन्या बोल्टांचे आटे ७/३२ इंचाचे आहेत आणि आजच्या बहुतेक ड्रमचे १२-२४ मापाचे. ते एकमेकांत बसत नाहीत, आणि जोर लावून बसवाल तर लगाच्या आतला नट खलास. त्यामुळे जे आहे ते सांभाळणं आलं.

आता मुळात गंज कशाला चढतो ते बघू. क्रोमला गंज चढत नाही. चढतो तो खालच्या लोखंडाला. रिंगवर आधी निकलचा थर असतो (बऱ्याचदा त्याखाली तांब्याचाही), आणि सगळ्यात वर क्रोमची साय. सायच म्हणायची, कारण शोभेच्या क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. या सायीला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. निकल जाड आणि धड असेल तोवर काही बिघडत नाही. ते कुठे टोचलं, झिजलं, की ओल खाली पोचते, लोखंड गंजतं, फुगतं आणि त्याच छिद्रातून तांबडा बुरा वर येतो. तुम्ही घासता तो हा बुरा. छिद्र तसंच राहतं. ठिपके त्याच जागी येण्याचं कोडं निम्मं इथेच सुटलं.

काहीही घासण्याआधी एक चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधला निघाला तरी चालेल. रिंगला चिकटला तर आत लोखंड, मग तांबडा गंज येणारच. चिकटला नाही आणि टवक्यात हिरवट दिसतंय, तर रिंग पितळी. चिकटला नाही आणि पांढरट पूड किंवा बुडबुड्यासारखे फोड दिसतायत, तर ते जस्ताचं ओतीव काम. लग बहुतेक वेळा जस्ताचेच असतात आणि जाडजूड ओतीव रिंगाही. ड्रमची काया, म्हणजे मधलं नळकांडंच, क्रोमची असेल आणि तिच्यावर फोड आले असतील, तर ती अ‍ॅल्युमिनिअमची असू शकते. लुडविग कंपनीच्या सुप्राफॉनिक ड्रमवर असे फोड नेहमी दिसतात. हे सांगायचं कारण, खाली जे आंबट पाणी सांगतोय ते फक्त लोखंडासाठी आहे. जस्ताला आणि अ‍ॅल्युमिनिअमला ते खातं. मी एक लग रात्रभर लिंबूफुलाच्या (सायट्रिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात विसरलो होतो. सकाळी त्याला देवीचे व्रण उठल्यासारखे खड्डे.

घासायचं कसं, हे आता चटकन सांगतो, कारण हा भाग सोपा आहे. पान उतरवा, सगळे बोल्ट काढा. बोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. प्रत्येक बोल्ट आपापल्या लगातच परत गेलेला बरा, वर्षानुवर्षं त्यांची एकमेकांशी जोडी जमलेली असते. रिंग आधी साबणाच्या पाण्याने धुवा. या पायरीला फाटा देऊ नका, नाहीतर धुळीतली वाळूच क्रोमवर घासली जाते. मग डब्यात पोळ्या गुंडाळायचा फॉईल पेपर घ्या, बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने गोल-गोल फिरवा. अ‍ॅल्युमिनिअम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. मिनिटाभरात करडी-काळी लापशी तयार होते. तीच काम करत असते, लगेच पुसू नका. डाग हट्टी असेल तर पाण्याऐवजी पांढरा व्हिनेगर. भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याने क्रोमवर जाळं उमटतं. पॉलिश पेपरचं तर नावच नको.

बोल्ट आणि वॉशर लोखंडी असतात. त्यांना लिंबूफूल चालतं: लिटरभर कोमट पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम. अर्ध्या तासाने एक काढून बघा, जुन्या टूथब्रशने आटे घासा, लागलं तर आणखी थोडा वेळ. रात्रभर नको. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, नाहीतर उरलेल्या आंबटपणाने तासाभरात डोळ्यांदेखत नवा तांबडेपणा चढतो.

एखादा बोल्ट लगात जाम झाला असेल तर बोल्ट फिरवायच्या चावीला पान्याने पिळू नका. जस्ताचा लग काचेसारखा तडकतो. डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब, रात्रभर सबुरी, सकाळी बोल्टच्या डोक्यावर लाकडाने हलके टोले आणि मग पाव आटा पुढे, पाव आटा मागे. ते ड्रमच्या कायेवर उडू देऊ नका.

इथवर मी पहिल्या वर्षीही केलं होतं. नोव्हेंबरात गंज परत.

दुसऱ्या वर्षी माझ्या घाईने घात केला. आमच्या गल्लीतल्या एका भल्या माणसाने बाथरूमची फरशी धुवायचं अ‍ॅसिड सुचवलं. “एक फडकं फिरव, बघ कशी नवी होते.” मी फिरवलं. गंज खरंच क्षणात गेला. त्यापाठोपाठ रिंगची ती निळसर झाकही गेली आणि खालून फिकट पिवळट चमक वर आली. फडक्यातून हिरवट पाणी गळत होतं. ते क्रोम होतं. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते क्रोम विरघळवतं. खाली उरतं ते निकल. वीतभर पट्टा असा सोलला गेला, तो आजही दिसतो. वरून हे अ‍ॅसिड उघडं ठेवलं की त्याच्या नुसत्या वाफेने खोलीतलं बाकीचं लोखंडही गंजतं. माझ्या कपाटाच्या कड्या-बिजागऱ्या दोन दिवसांत तांबड्या झाल्या होत्या. आणि ते ब्लीचच्या बाटलीजवळ फिरकूही देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीत मी वैतागून रिंग तिसऱ्यांदा घासत बसलो होतो. नाना ओट्यावर बसून बघत होते. त्यांचा हात आता थरथरतो, पण कान आणि डोळा शाबूत. म्हणाले, “वरवर घाशीसन काय व्हस रे? मजार दख ना.”

मजार, म्हणजे आत. मी त्यांच्यासमोरच एक लग कायेवरून उतरवला. मागचे दोन स्क्रू काढले, लग तळहातावर उलटा केला, तर बोटाला गुलाबी चिखल लागला. मला वाटलं गंजाचंच पाणी. वास घेतला तर गुलाल. विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला, पावसात भिजलेला आणि बोल्टच्या फटीतून आत उतरलेला. त्याच्यामागे चिमट्याने ओढल्यावर बोटाच्या पेराएवढा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा निघाला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पिचपिचीत, तपकिरी. विसर्जनाला दीड महिना होऊन गेला होता आणि तो अजून ओला होता. त्याच्यात रुतलेली स्प्रिंग मी दाबली तर तिचे दोन तुकडे झाले.

जुन्या ड्रमच्या लगात नट जागेवर राहावा म्हणून स्प्रिंग असते आणि ती वाजताना कुरकुरू नये म्हणून तिच्याभोवती नमदा किंवा कापूस ठासलेला असतो. कारखान्यातच घातलेला. बँड घरात वाजत असता तर त्याने काही बिघडलं नसतं. आपला बँड कानबाई या खानदेशी देवीच्या मिरवणुकीत श्रावणाच्या सरी अंगावर घेतो आणि गणपतीत गुलाल. नमदा हे सगळं पितो आणि खोका बंद झाला की महिनाभर हळूहळू वाफ सोडत बसतो. वाफ वर जाते, बोल्टच्या भोकातून बाहेर पडते आणि रिंगच्या खालच्या कडेला बसते. माझे आठ ठिपके बरोब्बर आठ लगांच्या डोक्यावर होते. तीन वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी मात्र ड्रमला वरून बघत होतो.

आठही लग उतरवले. नमदा फेकून दिला. त्याजागी पाणी न पिणाऱ्या पातळ फोमचे तुकडे घातले, पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा फोम. स्प्रिंग कुरकुरत नाही आणि ओल धरत नाही. काहीजण स्प्रिंगच काढून टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग पान बदलताना नट आत सटकतो आणि तो शोधायला पुन्हा लग उतरवावा लागतो. लग उतरवताना आत लोखंडी वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मी काढला नाही आणि आठव्या लगाला पहिल्याचा बघून बसवताना पाऊण तास गेला.

नानांच्या त्या एका वाक्याने माझी तीन वर्षांची कसरत उघडी पडली, पण एवढ्याने सगळं संपलं असं नाही. गंजाला अजून दोन-तीन दारं आहेत.

एक म्हणजे शेवटचं पाणी. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. रिंग धुऊन वाळवली की पांढरे ठिपके राहतात आणि त्या क्षारांखाली ओल दबून बसते. शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने फिरवा. गॅरेजमध्ये पाच लिटरचा कॅन मिळतो आणि वर्षभर पुरतो. मग लगेच कोरडं. मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर ठेवलेली रिंग दहा मिनिटांत हातात धरवत नाही, इतकी कडक वाळते. भुसावळ-जळगावच्या उन्हाचा एवढा एक तरी उपयोग. ऑक्टोबरात काम करत असाल तर केस वाळवायचा ड्रायर वापरा, वळलेल्या कडेत नळी घालून. उन्हात फक्त रिंग आणि बोल्ट ठेवायचे. ड्रमची मोत्यासारखी चमकणारी काया उन्हात कधीच नाही. जुनी झिलई बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते. ती उन्हाने आक्रसते, जोडावर फाटते आणि आगही चटकन धरते.

दुसरं, घाम आणि मीठ. वाजवणाऱ्याचा हात रिंगवर टेकतो. घामातलं मीठ त्या बारीक छिद्रांतून आत उतरलं की गंजाला वेळ लागत नाही. कार्यक्रम संपल्यावर ओलसर आणि मग कोरडं फडकं, एवढी दोन मिनिटं द्यायला हवीत. मिरवणुकीनंतर पहाटे तीनला ती कोणी देत नाही, मीही देत नव्हतो. आता ड्रम गाडीत चढवणाऱ्या पोराच्याच हातात फडकं देऊन ठेवतो.

तिसरं, ठेवायची जागा. लोखंडाला गंज चढायला पाऊसच अंगावर पडावा लागतो असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की तो आपोआप वेग धरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्याकडे उघडा खिळासुद्धा महिनोन्‌महिने तसाच राहतो. खरी परीक्षा श्रावण ते आश्विन, आणि आश्विनात तर ड्रम खोक्यात बंदच असतात. आमचं खोकं मोरीच्या भिंतीला टेकून जमिनीवर होतं. आता माळ्यावर आहे, भिंतीपासून वीतभर सोडून. रेक्झिनची खोळ आतून स्पंजची असते. ती स्पंज त्या नमद्याची थोरली बहीण समजा. विसर्जनानंतर खोळ उलटी करून गुलाल झटका आणि उन्हात घाला. ड्रम तोवर जुन्या धोतरात गुंडाळलेला बरा. ओला ड्रम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणं म्हणजे त्याला वाफेवर ठेवणं.

रावेरकडच्या एका मित्राचं दुखणं वेगळंच निघालं. त्याने लग उघडले होते, नमदा काढला होता, खोळ वाळवली होती, तरी रिंगा आणि स्टँड दोन्ही तांबडे. त्याच्या घरी जाऊन बघितलं तर ड्रम ज्या खोलीत, त्याच खोलीत केळीसाठी आणलेल्या खताच्या गोण्या. युरिया आणि पोटॅश. बाजारातलं लाल-पांढरं पोटॅश हे पोटॅशिअम क्लोराइड, म्हणजे मिठाचं भावंड. त्याची धूळ खोलीभर उडते, युरिया हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ती खारट ओल क्रोमवर बसते. ड्रम दुसऱ्या खोलीत हलवले. केळीला पोटॅश लागतंच, त्यामुळे गोण्या हलवा असं म्हणायची सोय नव्हती.

खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला हरकत नाही, पण त्या झाकण घट्ट असलेल्या खोक्यातच कामाच्या. उघड्या खोक्यात दोन दिवसांत पाणी पिऊन बसतात. निळे दाणे असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका.

स्वच्छ आणि कडकडीत कोरड्या रिंगवर गाडीचं मेण-पॉलिश लावा. लावून वाळू द्या, मग मऊ फडक्याने पुसा. रिंगची आतली बाजू आणि वळलेली कड इथे दोनदा. लोक दिसणारी बाजू चमकवतात आणि गंज न दिसणाऱ्या बाजूने येतो. बोल्टच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. जास्त तेल नको, त्यावर गुलाल आणि धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी तोच चिखल. डब्ल्यूडी-४० लावून ड्रम ठेवून देणारे बरेच भेटतात. त्यातली डब्ल्यूडी अक्षरं ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’साठी आहेत, म्हणजे पाणी हुसकावण्यासाठी. ते काम ते छान करतं, पण दोन महिन्यांची राखण त्याच्या भरवशावर सोडू नये.

क्रोमचे पापुद्रेच निघत असतील तर मात्र घासून काही होणार नाही. पापुद्रा बोटाला लागतो आणि रक्त काढतो, वाजवणाऱ्याला जपा. तेव्हा पुन्हा प्लेटिंग हाच मार्ग, पण मी ते शेवटी ठेवतो. जुनं क्रोम-निकल उतरवून, बफ मारून, नव्याने निकल आणि क्रोम चढवताना कडा झिजतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि आट्यांवर प्लेटिंग चढलं तर बोल्ट शिरत नाही. कुणी करून घेणारच असेल तर फक्त रिंगा द्या. बोल्ट आणि लग देऊ नका. घरच्या घरी प्लेटिंग करायचे व्हिडिओ बघून तर अजिबात करू नका. क्रोमच्या त्या बाथमध्ये षट्संयुजी क्रोमिअम असतं, ते कर्करोगकारक आहे.

यंदा नोव्हेंबरात खोकं उघडलं तेव्हा नाना शेजारीच होते. रिंग स्वच्छ होती. सातव्या लगाजवळ मात्र एक तांबडा ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. तिथे टवका उडून लोखंड उघडं पडलंय, मेण तिथे टिकत नाही. फॉईलने साफ करून, वाळवून, बायकोच्या रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब तिथे लावला. ते कायेवर सांडणार नाही हे बघा, त्यातलं द्रावण सेल्युलॉइड विरघळवतं. रिमूव्हर तर त्याहून वाईट. नानांनी चावी घेतली, दोन बोल्ट पाव-पाव आटा आवळले, काठीने एकदा टोकलं आणि म्हणाले, चौथा ढिला आहे.